जंगल गावाचं, पण गाव कुणाचं?

माझी माय मोळीवाली होती. पहाटे बायांच्या घोळक्यात जंगलात जायची, दुपारी डोक्यावर मोळी घेऊन यायची. एक दिवसाची मोळी घरच्या चुलीला, दुसऱ्या दिवसाची बाजारात विकायला. नाकेदार भेटला की मोळी जायची, कुऱ्हाड जायची आणि वर शिव्या मिळायच्या. कुऱ्हाड सोडवायला घरची कोंबडी द्यावी लागायची. म्हणून लहानपणी मला जंगल म्हणजे सरकारचं घर वाटायचं. आपण त्यात चोरासारखं शिरायचं आणि चोरासारखं निघायचं.

पुढं मी कॉलेजात गेलो, चळवळीत आलो. त्याच काळात सरकारचं धोरण बदललं. लोकांना सोबत घेतल्याशिवाय जंगल वाचत नाही, हे सरकारला उशिरा का होईना कळलं. १९९० साली केंद्राचं परिपत्रक निघालं, १९९२ साली महाराष्ट्रानं निर्णय केला. नाव भारदस्त : संयुक्त वनव्यवस्थापन. पूर्व विदर्भातल्या आमच्या गावातही समिती झाली. अध्यक्ष कोण? वीस एकराचा धनी. समितीनं पहिला ठराव केला कुऱ्हाडबंदीचा, दुसरा चराईबंदीचा. मोळी विकणाऱ्याला दंड.

त्या बैठकीला आमच्या मोहल्ल्यातली दोन माणसं होती. दाराशी बसली. त्यांना कुणी विचारलं नाही, ती बोलली नाहीत. ज्याच्या बांधीत उद्या रोवणीला जायचं, त्याच्यासमोर तोंड कसं उघडणार? ठराव 'सर्वानुमते' पास झाला.

आता खरं तेही सांगतो. जंगल वाढलं. पाच-सात वर्षांत खुंटांना धुमारे फुटले, बांबूची बेटं भरली, नाल्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकू लागलं. बाहेरून पाहुणे येत, अध्यक्षाला हार घालत. धन्याच्या घरी धुऱ्यावरची झाडं होती, तुराट्या होत्या, गोवऱ्या होत्या, नंतर गॅसही आला. आमच्याकडे धुराच नव्हता, तर धुऱ्यावरचं झाड कुठलं? माय लांबच्या दुसऱ्या गावच्या जंगलात जाऊ लागली, तिथं पुन्हा चोर व्हायला. मी तिला शहाणपणानं म्हणालो, 'माय, जंगल वाचलं तर पुढं आपल्याच कामी येईल.' ती म्हणाली, 'वाचलं ना बाप्पा. पण कोणाची चूल विझवून वाचलं, थे सांग.'

दोस्तांनो, मला या प्रश्नाचं उत्तर तेव्हा देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

जंगल राखणं चांगलं की वाईट, हा मायचा प्रश्न नव्हता. जंगल चांगलं हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. मोह, तेंदू, टोळ, कुड्याच्या शेंगा, पावसाळ्यातले सात्या यांवरच तर आमचं घर अर्धं वर्ष निघायचं. तिचा प्रश्न वेगळा. चांगल्या कामासाठी कुणाला तरी झीज सोसावी लागते. ती कुणी सोसायची, हे ठरवायचा हक्क कुणाचा?

आपल्यातले काही मित्र म्हणतात, जंगल सरकारकडेच बरं. गावाच्या हाती दिलं की ते जातवाल्यांच्या हाती गेलं. ते बाबासाहेबांचा आधार देतात, आणि आधार खरा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामराज्याचं कौतुक करणाऱ्यांना सुनावलं होतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, असा त्या बोलण्याचा आशय. आमच्या समितीची बैठक पाहिलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. मीही कित्येक वर्षं असंच बोलत होतो.

पण मग मी स्वतःला विचारलं, सरकारच्या जंगलात माझी माय कोण होती? चोरच ना! १८७८ च्या कायद्यानं इंग्रजांनी राखीव जंगलाची चौकट घातली, १९२७ च्या कायद्यानं ती पक्की केली. ते साल ध्यानात ठेवा. १९२७. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. म्हणजे एकीकडे सरकार लोकांच्या वापरातल्या जंगलाला कुंपण घालत होतं आणि दुसरीकडे आपली माणसं गावानं कुंपण घातलेलं तळं खुलं करत होती. आपल्याला दोन्ही कुंपणं ठाऊक आहेत. एकाला कंटाळून दुसऱ्यात जाऊन बसणं ही सुटका नव्हे.

२००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात गावाला आपलं सामूहिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार करण्याचा हक्क मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेल. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गोंडांचं गाव. २००९ साली त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढं २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्या गावात बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. एकाचंही मन मानत नसेल तर विषय पुढच्या सभेला जातो.

मला याचा आदर वाटतो. पण मेंढा बहुतेक एकाच समाजाचं गाव आहे. आमच्या गावात पाटील, तेली, कुणबी, गोंड, बौद्ध, बुरूड असे सगळे. तिथं सहमती कशाला म्हणायचं? दाराशी बसलेल्या त्या दोघांच्या गप्पपणाला? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला किंमत नाही. सहमतीचं मोल तिथंच, जिथं नकार देऊनही माणसाची मजुरी शाबूत राहते.

कायद्यातही आपल्यासाठी खाचा आहेत. आदिवासी नसलेल्या वननिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. म्हणजे १९३० च्या आसपासचा पुरावा. ज्याच्या आजाच्या नावावर हातभर जमीन नव्हती त्यानं कागद कुठून आणावा? जे आपल्याला कधी दिलंच नाही, त्याची पावती मागतात! गावच्या वनहक्क समितीत २०१२ च्या दुरुस्तीनं दोन-तृतीयांश जागा आदिवासींना आहेत, एक-तृतीयांश स्त्रियांना आहेत. हे योग्यच झालं. जंगलाचा पहिला हक्कदार आदिवासी आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण दलितासाठी तिथं एकही जागा नेमून दिलेली नाही. मिश्र गावात आपला माणूस आत गेला नाही, तर त्याला कुणी हात धरून नेणार नाही.

आता मायच्या प्रश्नाकडे येतो. बंदी आणि नियम यात फरक आहे. दुसरा माझ्यावर घालतो ती बंदी. मी सर्वांसोबत बसून, माझी अडचण मांडून, स्वतःला घालून घेतो तो नियम. झाड दोन्हींनी वाचतं. पण बंदीनं माणूस चोर होतो आणि नियमानं राखणदार होतो. माय नियम पाळायला तयार होती. वाळलेलंच तोडू, ओल्याला हात लावणार नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला फक्त कुणी विचारलं नाही.

याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर हे अर्धं सत्य होईल. हक्क मिळाल्यावर आपणही राखण करायला हवी. आपल्यावर अन्याय झाला म्हणून ओल्या सागावर कुऱ्हाड चालवायचा परवाना मिळत नाही. जंगल उजाड झालं तर धन्याचं थोडं जाईल, आपलं सगळं जाईल. रात्री वणवा विझवायला, पाळीनं राखण करायला आपला मोहल्ला पुढं असला पाहिजे. जो राखणीला येतो, त्याला बैठकीत दाराशी बसवणं जड जातं.

मग करायचं काय? पोरांनो, मोठं काही नाही. म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. त्यांचे जबाब लिहून घ्या. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. आपल्या जुन्या विहिरी, मसणवटी, देवस्थानं नकाशावर दाखवा. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज शोधून काढा. त्यात गावानं जंगलाचा काय वापर करायचा ते लिहिलेलं असतं. ग्रामसभेच्या आधी मोहल्ल्याची बैठक घ्या आणि त्यात मोळीवाल्या बायांना पहिल्यांदा बोलू द्या. विरोध असेल तर तो ठरावाच्या वहीत लिहायला लावा. बांबू विकायचा ठराव आला तर विचारा, गावातल्या बुरडाला आधी की कंत्राटदाराला आधी? पैसा आला तर हिशेब चावडीवर वाचायला लावा.

महाडच्या तळ्याचंही असंच होतं. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं कुणी प्यायलं नाही. ते तळं खरं खुलं झालं आपली माणसं पायऱ्या उतरली तेव्हा. वनहक्काचा कागद आज आपल्यासमोर तसाच पडला आहे.

माय आता नाही. तिला द्यायचं उत्तर मी इथं लिहून ठेवतो : जंगल गावाचं आहे, हे मला मान्य. पण ज्या गावात तुझी चूल मोजली जात नाही, ते गाव अजून व्हायचं आहे. ते आपणच करायचं आहे, दाराशी बसून नाही, सभेच्या मधोमध बसून.

जय भीम.