फेड

‘आमचं भांडण वगैरे काही नाही, वुई जस्ट फेडेड.’ मैत्रीबद्दल हे वाक्य हल्ली इतकं सहज बोललं जातं की त्यात क्रियापद आहे हेही लक्षात येत नाही. आधी पानभर मेसेज, मग दोन ओळी, मग नुसता अंगठा, मग वर्षातून एकदा केकचा इमोजी. ब्लॉक कुणीच कुणाला केलेलं नसतं.

मला या क्रियापदाचा संशय येतो. इंग्रजीत पडदा फेड होतो आणि ऊन पडदा फेड करतं, दोन्हीला शब्द एकच. मराठी इथे जरा खडूस आहे. तुटणं वेगळं, तोडणं वेगळं; सुटणं वेगळं, सोडणं वेगळं; विझणं वेगळं, विझवणं वेगळं. कोणी केलं ते सांग, मग पुढे बोल! अर्थात पळवाट आपल्याकडेही आहे. मावळणं, ओसरणं. सूर्याला कुणी मावळवत नाही. ‘आमची मैत्री मावळली’ म्हटलं की दोघंही सुटले.

फेड हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधून. तिथे त्याचा अर्थ फिका, बेचव. आजच्या फ्रेंचमध्येही अळणी जेवणाला हाच शब्द वापरतात. आपलं ‘विटणं’ याच्या अगदी जवळचं. रंग विटतो आणि मनही विटतं. मला हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण मन विटलं म्हणताना कुणाचं मन, ते सांगावंच लागतं.

होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ‘द प्लॅनेट्स’ ही रचना 1918 साली लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली. तिचा शेवटचा भाग नेपच्यून. त्यात गाणाऱ्या बायका मंचावर नसतातच, शेजारच्या खोलीत असतात. होल्स्टची सूचना अशी की शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू, आवाज न करता लावायचं आणि शेवटचा तुकडा सूर ऐकू येईनासा होईपर्यंत गात राहायचं. प्रेक्षकांना वाटतं, सूर अवकाशात विरले. खरं तर बायका गातच असतात, कुणीतरी दार लावत असतं. रेकॉर्डवरची फेड होत संपणारी गाणीही तशीच. वादक वाजवत असतात, मिक्सरवर कुणाचं तरी बोट खाली सरकत असतं.

माझा एक मित्र म्हणतो, हळूहळू कमी होणं हीच दया आहे, तोंडावर सांगून कशाला दुखवायचं? त्याचं म्हणणं मी सहज उडवून लावत नाही. शाळेतल्या बाकावरचे मित्र असेच सुटतात, दोन्हीकडून, आणि त्यात कुणाचाच अपराध नसतो. शिवाय समोरचा माणूस धमकावणारा, सतत पाळत ठेवणारा असेल, तर गुपचूप दार लावणं हाच शहाणपणा. तिथे निरोपाचं देणं लागत नाही.

पण एकाने ठरवलंय आणि दुसऱ्याला माहीतच नाही, तेव्हा ती दया नेमकी कुणावर? दुसरा बिचारा निळ्या टिका मोजत बसतो. आपलं काय चुकलं, कामात असेल का, आजारी असेल का. भांडणात निदान उत्तर मिळतं. इथे प्रश्न विचारायचीही सोय उरत नाही, कारण विचारलं की ऐकायला मिळतं, ‘अगं, कुठे काय, बिझी होते!’

गंमत म्हणजे मराठीत ‘फेड’ हा शब्द आधीपासून आहेच. कर्जाची फेड. इंग्रजी फेडशी त्याचं काही नातं नाही, नुसता योगायोग. पण माझ्या डोक्यात हे दोन्ही शब्द आता एकमेकांना चिकटलेत. आयुष्यभराची मैत्री कुणी कुणाला देणं लागत नाही, हे मला मान्य आहे. एक वाक्य मात्र लागतं, असं मला वाटतं. ‘आता पूर्वीसारखं बोलावंसं वाटत नाही,’ एवढंच. लिहायला अवघड आहे, मान्य. म्हणून तर ते देणं.

होस्टेलवरच्या माझ्या रूममेटचे मेसेज असेच आखडत गेले तेव्हा मी तिला सरळ विचारलं, ‘काय गं, दार लावतेयस का?’ चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं, ‘हो गं. थोडंसं.’ मला वाईट वाटलं आणि त्या रात्री नीट झोपही लागली.