शेतकऱ्याला विचारणे: उपकार की कर्तव्य?

संत मार्क यांच्या शुभवर्तमानातील आंधळा बार्तीमय आपल्या परिचयाचा आहे. त्याला काय हवे आहे हे प्रभू येशूला दिसतच होते. तरीही प्रभूने त्याला ते विचारले. आपले दुःख आपल्या तोंडाने सांगण्याचा मान एका भिकाऱ्याला मिळाला.

गावासाठी योजना आखताना आपण शेतकऱ्याला हा मान देतो का? हल्ली समाजकार्य आणि तंत्रशिक्षणाचे विद्यार्थी खेड्यात मुक्काम करून गावकऱ्यांबरोबर आराखडे करायला शिकतात. चांगली गोष्ट आहे. मात्र विद्यार्थ्याला गुण मिळतात आणि शेतकऱ्याचा कामाचा दिवस बुडतो, हेही खरे.

आपल्या राज्यात हा विचार मनापासून राबवला तो येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी. स्वित्झर्लंडहून आलेले फादर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात दीर्घकाळ राबले. त्यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. २०२१ मध्ये ते देवाघरी गेले. या कार्यक्रमात तंत्रज्ञ कचेरीत बसून नकाशा रंगवत नसे. शेतकरी नवरा-बायको दोघांना बरोबर घेऊन तो त्यांच्याच शेतात फिरत असे. बांध कुठे घालायचा, झाडे कोणती लावायची, हे तिथे उभे राहून ठरत असे. उतार तंत्रज्ञ मोजतो; पण गेल्या पावसात माती कुठून वाहून गेली, हे त्या दोघांनाच ठाऊक असते. शिवाय न पटलेला बांध पुढे कोण दुरुस्त करणार?

लहान समूहाला जे करता येते ते वरच्यांनी त्याच्या हातून काढून घेऊ नये, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली शिकवले. तेव्हा विचारणे हा उपकार नव्हे, न्याय आहे.

पण शेताशेतात फिरताना, ज्याला शेतच नाही त्याच्याकडे कोण जाणार? पाणलोटासाठी डोंगरावर चराईबंदी करावी लागते, कारण गवत वाढल्याशिवाय पाणी मुरत नाही. त्याचा लाभ खाली विहीर असलेल्याला होतो. दोन शेळ्यांवर संसार करणाऱ्या भूमिहीन बाईला मात्र दुसऱ्याच दिवशी चाऱ्याची चिंता पडते. ग्रामसभेत हात वर झाले म्हणजे तिला विचारले, असे आम्ही मानत नाही. ती मागे बसते, गप्प राहते. ज्याच्याकडे मजुरीला जायचे तो पुढेच बसलेला असतो.

आपले तरुण कधी खेड्यात शिबिराला गेले, तर सरपंचांच्या ओसरीवर जाण्याआधी त्यांनी एक सकाळ अशा घरी घालवावी. जाताना वही नेऊ नये.