कंट्रोलर, करण आणि कर्ता

कन्सोलसाठी घडवलेला कंट्रोलर घरच्या संगणकाला जोडला की बोटापासून पडद्यापर्यंतची साखळी लांबते आणि तिचा प्रत्येक दुवा सुटा दिसू लागतो. खेळणाऱ्याची इच्छा, त्याचा हात, हातातले साधन, त्या साधनाची भाषा संगणकाला समजावणारी प्रणाली, पडद्यावरचे पात्र आणि त्या पात्राकडून घडणारी गोष्ट असे हे दुवे आहेत. यांपैकी कर्ता कोणाला म्हणायचे, आणि घडलेल्या कर्माची जबाबदारी कोणावर येते? साधन नवे असले तरी प्रश्न फार जुना आहे. नाशिकच्या परिसरात वैदिक, बौद्ध आणि जैन या तिन्ही परंपरांची प्राचीन ठाणी आहेत. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर, त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी, म्हसरूळजवळचे गजपंथ ही ती ठाणी. या परंपरांनी कर्ता आणि साधन यांच्या नात्याचा बारकाईने विचार केला आहे आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

आधी साधनाचे स्वरूप पाहू. घराघरांत ज्याला ‘व्हिडिओ गेमचा रिमोट’ म्हणतात, त्या कंट्रोलरवर दोन प्रकारचे भाग असतात. बटण दाबलेले असते किंवा नसते. त्याला तिसरी अवस्था नाही. अंगठ्याखालची काडी मात्र किती आणि कोणीकडे कलली हे सांगते. अनेक कंट्रोलरमध्ये तिच्याखाली काटकोनात बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर असतात. काडी कलली की त्यांच्यातून येणारा विद्युतदाब बदलतो आणि त्या बदलाचा आकडा होतो. सोनीच्या ड्युअलशॉक ४ मध्ये हा आकडा प्रत्येक अक्षासाठी ० ते २५५ असतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स पद्धतीत तो उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ असा मोजला जातो. म्हणजे अंगठा एकाच कोनात वळला, तरी दोन कंट्रोलर त्याची नोंद दोन वेगळ्या आकड्यांत करतात.

म्हणूनच यूएसबी वायरने किंवा ब्लूटूथने नुसती जोडणी होऊन भागत नाही. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर एक्सइनपुट ही पद्धत आणली आणि विंडोजवरचे बहुतेक खेळ तिच्याच अपेक्षेने लिहिले जाऊ लागले. प्लेस्टेशनचा कंट्रोलर विंडोजला जोडला तर ‘एक साधन जोडले आहे’ एवढे संगणकाला कळते, पण खेळाला त्याची भाषा कळेलच असे नाही. मग स्टीम या खेळांच्या मंचातली सोय किंवा डीएस४विंडोजसारखा प्रोग्रॅम मध्ये बसतो, सोनीच्या कंट्रोलरचे आकडे वाचतो आणि खेळापुढे एक्सबॉक्सचा आभासी कंट्रोलर उभा करतो. हातातल्या फुलीच्या बटणाला पडद्यावर ‘ए’ म्हटले जाते. बटणाचा अर्थ बटणात नसतो, ही गोष्ट येथे उघड होते. जपानमध्ये प्लेस्टेशनवर वर्तुळ म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार असा संकेत वर्षानुवर्षे होता, तर पाश्चात्त्य देशांत बरोबर उलटा. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आले तेव्हा सोनीने जपानमध्येही फुलीला होकार ठरवले. प्लास्टिक तेच राहिले, संकेत बदलला.

या साखळीचे विश्लेषण करायला व्याकरण आणि न्यायशास्त्र यांची परिभाषा फार उपयोगी पडते. पाणिनीच्या व्याकरणात क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि क्रिया सिद्धीस नेण्यात जे सर्वांत अधिक उपकारक, ते करण. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून न्यायाचा अभ्यास सुरू करण्याची प्रथा आहे. या परंपरेत करण म्हणजे व्यापार असलेले असाधारण कारण. ठरलेले उदाहरण कुऱ्हाडीचे: तोडणारा कर्ता, कुऱ्हाड करण, आणि कुऱ्हाडीचा लाकडाशी होणारा संयोग हा व्यापार. जो करणापासून उत्पन्न होतो आणि करणाचेच कार्य घडवून आणतो, तो व्यापार. ही कसोटी कंट्रोलरला लावली तर बटण दाबल्यावर निघणारा विद्युतसंदेश व्यापार ठरतो, कारण तो कंट्रोलरपासूनच उपजतो आणि पुढचे कार्य घडवतो. मध्ये बसलेला भाषांतर करणारा प्रोग्रॅम मात्र व्यापार नव्हे. तो कंट्रोलरपासून जन्मलेला नाही. आधीपासून संगणकात आहे. त्याला सहकारी कारण म्हणणे योग्य.

न्यायाने कर्तृत्वाचीही काटेकोर व्याख्या केली आहे. ज्याच्या ठायी कार्याच्या सामग्रीचे ज्ञान, ते करण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष प्रयत्न ही तिन्ही आहेत, तो कर्ता. या व्याख्येचे महत्त्व कंट्रोलर झिजल्यावर कळते. जुन्या कंट्रोलरची काडी मधोमध स्थिर असूनही किंचित कललेली असल्याचा आकडा पाठवू लागते आणि कोणी हात न लावता पात्र एका बाजूला चालू लागते. हा दोष झाकण्यासाठी मधल्या काही आकड्यांकडे दुर्लक्ष करायला खेळाला सांगावे लागते. अशा वेळी पात्र चालते आहे, पण चालवण्याची इच्छा किंवा प्रयत्न कुठेच नाही. न्यायाच्या दृष्टीने ही घटना खरी आहे. तिला कारणेही आहेत. खेळणारा मात्र तिचा कर्ता नाही. घडणे आणि करणे यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणे रोजच्या जगण्यात थोडी सापडतात.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतेवरची टीका पूर्ण केली आणि या पाच कारणांचे विवेचन मराठीत आले. त्यांचे गुरू आणि वडील बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. गीतेचे म्हणणे असे, की पाच कारणे मिळून कर्म घडत असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याला खरे दिसत नाही. खेळणाऱ्याचा अनुभव याला दुजोरा देतो. जिंकल्यावर ‘मी जिंकलो’ आणि हरल्यावर ‘कंट्रोलर अडकला’ असे सहज तोंडून निघते. यशात चार कारणे गाळली जातात आणि अपयशात एकच कारण उरते. पाचही कारणांचा हिशेब दोन्ही वेळा सारखाच मांडावा, अशी गीतेची शिकवण आहे.

वेदान्ताने हाच विचार सुताराच्या उदाहरणाने पुढे नेला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या एका सूत्रात सुताराचा दाखला येतो. शंकराचार्य त्यावर लिहितात, की वाकस हातात घेऊन काम करणारा सुतार कर्ता असतो आणि शिणतो. घरी येऊन हत्यारे खाली ठेवली की तोच स्वस्थ आणि सुखी होतो. आत्माही मन, इंद्रिये यांच्या योगाने कर्ता भासतो आणि ती गळून पडली की स्वस्थ असतो. कंट्रोलर खाली ठेवणाऱ्यालाही हा बदल कळतो. मघापर्यंत पात्राला लागलेला मार ‘मला लागला’ असे वाटत होते. कंट्रोलर ठेवल्यावर ते दुःख आपले नव्हतेच हे ध्यानात येते. पण आचार्यांनी या दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली आहे. सुताराला हत्यार उचलायला हात असतात. आत्म्याला असा अवयवच नाही, म्हणून तो खऱ्या अर्थाने काही उचलत नाही आणि ठेवतही नाही. कंट्रोलर बाजूला ठेवता येतो, मन तसे ठेवता येत नाही. वेदान्ती साधनेची सगळी अडचण या भेदात आहे.

जैन परंपरेतही कारागीरच येतो. गजपंथ हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र, आणि दिगंबर परंपरेत आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’ला मोठा मान आहे. त्यात शिल्पीचा दृष्टान्त आहे: शिल्पी काम करतो, हत्यारांनी करतो, हत्यारे हातात घेतो, कामाचे फळही भोगतो, पण काम, हत्यार किंवा फळ यांपैकी कशाशीही तो एकरूप होत नाही. तो एकरूप असतो तो आपल्या प्रयत्नाशी. तसा जीव निश्चयनयाने, म्हणजे परमार्थाच्या दृष्टीने, फक्त आपल्या भावांचा कर्ता आहे. बाहेरच्या वस्तूंचा कर्ता त्याला म्हणायचे ते व्यवहारापुरते. हे मत स्वीकारले तर खेळणारा पडद्यावरच्या पात्राला हलवतो ही व्यवहाराची भाषा झाली. त्याच्या आत खेळताना जे उठते, म्हणजे राग, लोभ, चुरस, आनंद किंवा संयम, तेच त्याचे खरे कर्म.

पांडवलेण्यांत या प्रश्नाला तिसरे वळण मिळते. येथील तिसरे लेणे सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात त्याची आजी गौतमी बलश्री हिने भद्रायणीय भिक्षूंना दिल्याचे तिथल्या शिलालेखात नोंदले आहे. भद्रायणीय ही वात्सीपुत्रीय पंथाची शाखा, आणि हा पंथ कर्त्याच्या प्रश्नावर इतर बौद्धांहून वेगळा उभा होता. बहुतेक बौद्ध पंथांच्या मते कर्म आहे, फळ आहे. त्यांच्या मागे स्थिर असा कर्ता नाही. वात्सीपुत्रीयांना हे अपुरे वाटले. कर्म आणि फळ एकाच व्यक्तीचे आहेत असे म्हणायचे, तर ‘पुद्गल’ म्हणजे व्यक्ती मानावी लागते. ही व्यक्ती पंचस्कंधांहून, म्हणजे देह आणि मन यांच्या पाच घटकसमूहांहून, वेगळी नाही आणि त्यांच्याशी एकरूपही नाही. अग्नी आणि इंधन यांच्यासारखे तिचे नाते आहे. वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’च्या शेवटच्या प्रकरणात या मताचे खंडन केले. त्रिरश्मीच्या लेण्यात राहिलेल्या भिक्षूंच्या पंथाचा हा वैशिष्ट्याचा सिद्धान्त होता. पडद्यावरचे पात्र कधी एका कंट्रोलरने, कधी दुसऱ्याने, तर कधी कळफलकाने चालते. साधने बदलली तरी खेळ एकाच व्यक्तीचा आहे असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे म्हणजे नुसती बोलण्याची सोय आहे, की त्यामागे काही सत्य आहे, हाच तो वाद.

कर्त्याचा प्रश्न नैतिक होतो तो खेळातल्या हिंसेपाशी. स्थविरवादी बौद्धांच्या अट्ठकथांनी, म्हणजे पाली भाष्यांनी, प्राणिहत्येची पाच अंगे सांगितली आहेत: जिवंत प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. पडद्यावरच्या शत्रूच्या बाबतीत पहिली दोन अंगे नाहीत आणि शेवटचेही नाही. म्हणून ती प्राणिहत्या ठरत नाही. जैन साहित्यात मात्र एक कथा आहे, जी या प्रश्नाला थेट भिडते. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त राजा यशोधर खऱ्या प्राण्याचा बळी द्यायला नकार देतो, पण आई चंद्रमतीच्या हट्टापुढे नमून पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो. कोंबडा पिठाचा असूनही मायलेकांना अनेक पशुजन्मांतून जावे लागते, कारण मारण्याचा संकल्प खरा होता. कथा कठोर आहे, पण तिचा निकाल खेळाला जसाच्या तसा लागू होत नाही. यशोधराने पिठाचा कोंबडा जिवंत प्राण्याच्या जागी मानला आणि खऱ्या हत्येचे फळ मागितले. खेळणारा सहसा असे काही मागत नाही. त्याचा संकल्प खेळण्याचा असतो. तो संकल्प बदलून दुसऱ्याच्या दुःखाची गोडी लागली, तर शत्रू खोटा आहे ही सबब पुरत नाही. पडद्यावर काय मेले यापेक्षा खेळणाऱ्याच्या मनात काय वाढले, हे पाहणे जैन दृष्टीला महत्त्वाचे वाटते.

जबाबदारी साधनावर टाकता येत नाही, म्हणून साधन क्षुल्लक ठरत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती याने १९४५ मध्ये आंधळ्याच्या काठीचे उदाहरण दिले: सवय झाल्यावर काठी ही हातातली वस्तू राहत नाही, तिच्या टोकाशी स्पर्श पोहोचतो. कंट्रोलरही सरावाने असाच अंगात भिनतो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपंगांसाठी आणलेला अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर विंडोजच्या संगणकालाही जोडता येतो आणि त्याला पायाने, कोपराने किंवा हनुवटीने दाबायची बटणे लावता येतात. करण बदलल्यामुळे ज्याला खेळताच येत नव्हते तो कर्ता होऊ शकतो. करणाचा सन्मान करण्याचे याहून मोठे कारण नाही.

नाशिकला हा सन्मान अपरिचित नाही. पांडवलेण्यांतल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात ज्यांच्याकडे कायम ठेव ठेवली त्या श्रेणींची, म्हणजे कारागीर-संघांची, नावे आहेत, आणि त्यांत पाण्याची यंत्रे बनवणाऱ्या ओदयंत्रिकांची श्रेणी आहे. आज खंडेनवमीला सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत यंत्रे पुसून, हळदकुंकू वाहून, फुले घालून पुजली जातात. या पूजेत यंत्राला कर्ता मानलेले नसते. आपल्या हातून जे घडते त्यात आपला वाटा एकट्याचा नाही, एवढे तिच्यात मान्य केलेले असते. संगणकाला जोडलेल्या कंट्रोलरच्या बाबतीतही हीच विभागणी ठरते. यशाचे श्रेय करणासकट सर्व कारणांना वाटून द्यावे लागते. संकल्पाची जबाबदारी मात्र वाटता येत नाही. कंट्रोलर कोणत्याही कंपनीचा असो आणि मध्ये कितीही प्रोग्रॅम असोत, ती खेळणाऱ्याचीच राहते.