झाकणाखालचं इंजिन



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २७.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला पाच गोष्टी आपल्याला अर्पण करायला सांगतात. आपलं करणं, आपलं खाणं, हवन, दान आणि तप. यातला क्रम जरा बघा. हवन, दान, तप ही देवाधर्माची कामं शेवटी येतात. सुरुवात होते ती अगदी साध्या ‘करण्या’पासून. आधीच्या २६ व्या श्लोकात पान, फूल, फळ, पाणी अशी वस्तूंची नावं तरी आहेत. इथे वस्तूच नाही. जे काही करशील ते, एवढंच. म्हणजे ऑफिसातली एक्सेल शीट आली, भांडी घासणं आलं, लोकलमध्ये उभं राहणंही आलं.

वाचायला हे फार छान वाटतं. पण मागच्या रविवारी सत्संगात एका ताईंनी या श्लोकावर जो प्रश्न विचारला, त्याने सगळे गप्प झाले. ताई नोकरी सोडून घरी सासऱ्यांचं करतात. त्यांना अर्धांगवायू झालाय, अंथरुणाला खिळून आहेत. ताई म्हणाल्या, “अरे, रात्री दर दोन तासांनी उठून मी त्यांची कूस बदलते. पाठ लाल झाली नाही ना, ते बघते. पाहुणे येतात, बाबांशी बोलतात, चहा घेऊन जातात. बाबांच्या पाठीला जखम नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जखम झाली असती तर मात्र सगळ्यांना दिसली असती. जे कुणाला दिसतच नाही, ते मी देवाला वाहिलं काय आणि नाही काय! मला तर नुसती दमणूक दिसते.”

याला पटकन देण्यासारखं उत्तर नव्हतंच. गेले आठ दिवस हा प्रश्न माझ्यासोबत आहे, आणि रात्री जेवण झाल्यावर मी ज्या टेबलाशी बसतो तिथेही तो माझ्या शेजारी असतो. त्या टेबलावर सध्या एक गाडी आहे.

मी स्केल मॉडेल बनवतो, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. सध्या चाललंय ते टामियाचं पोर्शे ९३४ टर्बो, स्केल एकास बारा. खरी गाडी सव्वाचार मीटरच्या आसपास लांब, ही पस्तीस-छत्तीस सेंटीमीटर. ऐकायला फार मोठी वाटत नाही. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारा पटींनी लहान, म्हणजे आकारमान बारा गुणिले बारा गुणिले बारा, १७२८ पटींनी लहान. एरवी गाड्यांची मॉडेल्स बहुतेक एकास चोवीस स्केलची असतात. त्यांच्याशी तुलना केली तर ही लांबीला दुप्पट आणि आकारमानाला आठपट होते. खोका उघडला की प्लास्टिकच्या चौकटी निघतात आणि फांदीला कैऱ्या लागाव्यात तसे त्यांना सुटे भाग लागलेले असतात. प्रत्येक भाग निपरने तोडायचा, तोही थोडं अंतर ठेवून, मग उरलेलं टोक जवळून कापायचं. त्यानंतर पॉलिश पेपर, आधी ४०० नंबरचा, मग ८००. भाग कोरडाच जागेवर बसवून बघायचा. मग रंग, आणि मग जोडणी.

आता मुद्द्याची गोष्ट. एकास चोवीसच्या पुष्कळ किटमध्ये इंजिन नसतंच. बॉनेट उघडत नाही, खाली तळाशी थोडा आकार दिला की झालं. कपाटात ठेवली की कुणाला कळतही नाही. पण स्केल मोठं झालं की हे चालत नाही. या गाडीला मागच्या बाजूला पूर्ण इंजिन आहे. पोर्शेचं ते आडवं सहा सिलिंडरचं, तीन एका अंगाला, तीन दुसऱ्या अंगाला. ते हवेने थंड होणारं इंजिन, म्हणून सिलिंडरवर बारीक बारीक पट्ट्या. शिवाय टर्बो आणि त्याच्या नळ्या. त्या पट्ट्यांना एक छटा, गिअरबॉक्सला दुसरी, एक्झॉस्टच्या नळ्यांना तापून काळवंडलेल्या लोखंडाची तिसरी.

हे सगळं करायला संध्याकाळच्या संध्याकाळी जातात. आणि मग? मग ते गाडीच्या पोटात जातं. मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि वरच्या काही नळ्या दिसतात. गाडी उलटी धरली तर खालून थोडं दिसतं. पण बॉडीखाली आणि भागांच्या दाटीत जे गेलं ते गेलं. ते पुन्हा बघायचं तर गाडी फोडावी लागेल.

मग तिथे रंग कशाला द्यायचा?

छंदवाल्यांना विचाराल तर एक उत्तर हमखास मिळतं, “बंद करायच्या आधी फोटो काढून ठेव ना!” मीही काढतो. त्यात वाईट काही नाही. पण फोटो हे या प्रश्नाचं उत्तर नाही, ती पळवाट आहे. कुणी बघत नसताना का करायचं, असा प्रश्न आहे आणि आपण बघणारा गोळा करून आणतो. आपल्या पिढीला ही सवय फार लागली आहे. वारीला गेलो, स्टोरी टाकली. उपवास केला, स्टोरी टाकली. जे दिसलं नाही ते झालंच नाही, असं वाटायला लागतं. ताईंच्या प्रश्नातली अर्धी वेदना याच वाटण्याची आहे, आणि ती त्यांनी निर्माण केलेली नाही. ती आपल्या सगळ्यांच्या नजरेची आहे.

या गाडीचीच एक गोष्ट सांगतो. टामिया ही जपानमधल्या शिझुओका शहरातली कंपनी. १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून तिची सुरुवात झाली. पुढे ती मॉडेलकडे वळली. १९७६ साली हे एकास बाराचं पोर्शे आलं. ते बनवण्याआधी शुन्साकु टामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आतली रचना समजावी म्हणून ती सुटी सुटी करायला लावली. बाहेरचा आकार फोटोंवरूनही बराचसा साधता आला असता. पण आतलं बरोबर हवं असेल तर आत उतरावं लागतं. विकत घेणाऱ्या मुलांपैकी कितीजण गिअरबॉक्सचा आकार तपासणार होते? तरीही तो नीट केला, कारण ती गाडी होती आणि गाडीला गिअरबॉक्स असतो. काम पूर्ण असण्याचं कारण त्या कामातच असतं. बघणारा आला म्हणून ते वाढत नाही आणि नाही आला म्हणून कमी होत नाही.

मॉडेल बनवणं म्हणजे साधना, असं मी म्हणणार नाही. छंद तो छंदच. पण अर्पण म्हणजे नेमकं काय घडतं, हे मला पोथीत जितकं कळलं नाही तितकं या टेबलावरच्या एका छोट्या बाटलीने समजावलं. ती बाटली आहे मॉडेलच्या पातळ सिमेंटची. आपण त्याला गोंद म्हणतो, पण ते गोंदासारखं चिकटत नाही. दोन भाग एकत्र धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक टेकवायचं. ते आपणच आत ओढलं जातं. तिथे दोन्ही बाजूंचं प्लास्टिक किंचित विरघळतं, एकमेकांत मिसळतं, आणि द्रावक उडून जातो. मागे उरतो एकच तुकडा. मधे कुठलाही तिसरा पदार्थ राहत नाही.

पण यात एक अट आहे. जोडाच्या जागी रंग असेल तर हे होत नाही. सिमेंट रंगालाच विरघळवत बसतं, प्लास्टिकपर्यंत नीट पोचत नाही. जोड धरल्यासारखा वाटतो आणि थोडा ताण आला की सुटतो. म्हणून जोडण्याआधी चाकूच्या पात्याने तेवढ्या जागेवरचा रंग खरवडून काढायचा. आपण स्वतःच प्रेमाने दिलेला, छान बसलेला रंग!

इथे मला २७ वा श्लोक उलगडला. ‘हे मी केलं’ हा आपल्या कामावरचा रंग आहे. तो सगळीकडून काढा, असं गीता सांगत नाही. चांगल्या कामाचा आनंद असावाच, ताईंना त्यांच्या हातातल्या कौशल्याचा अभिमानही असावा. पण जिथे आपलं काम देवाला जोडायचं, तेवढी जागा मोकळी हवी. पुढच्याच २८ व्या श्लोकात भगवंत शुभ आणि अशुभ अशी दोन्ही फळं बंधनातच धरतात. निंदेने माणूस बांधला जातो हे आपल्याला कळतं. कौतुकानेही तितकाच बांधला जातो, हे कळायला वेळ लागतो. आज कुणी वा म्हटलं तर उद्या हात उचलायला पुन्हा वा लागते.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माझं इंजिन आणि ताईंची रात्र यांची बरोबरी होऊ शकत नाही. मी अकरा वाजता ब्रश धुऊन झोपतो. कंटाळा आला तर आठवडाभर खोका बंद ठेवतो. त्यांना तशी सोय नाही. त्यामुळे “ताई, देव बघतोय, करत राहा” एवढं सांगून मी मोकळा झालो, तर ते चिंतन नव्हे, ती लबाडी होईल. ‘देवाला अर्पण कर’ हे वाक्य दुसऱ्याच्या खांद्यावरचं ओझं तसंच ठेवण्यासाठी वापरायचं नसतं.

आणि आपल्या परंपरेतही ते तसं वापरलेलं नाही. जनाबाई आठवा. नामदेवांच्या घरची दासी. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेली. तिचं दळण कोण बघायला येणार होतं? सकाळी सगळ्यांना भाकरी दिसते, दळणारी दिसत नाही. मग वारकरी सांगतात ती कथा काय आहे? विठ्ठल तिथे आला आणि दूर उभा राहून कौतुकाने बघत बसला, अशी नाही. तो जात्याशी बसला. त्याने खुंट्याला हात घातला. दळू लागला.

ताईंच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. न दिसणारं काम ज्याला अर्पण करायचं, तो आपला प्रेक्षक नाही. तो कामात हात घालणारा आहे. म्हणून त्या कामाला साक्षीदार मिळाला नाही तरी ते एकाकी नसतं. आणि आपण त्याचे भक्त म्हणवत असू, तर कुणाच्या घरच्या अंधारातल्या जात्याकडे नुसतं बघून आपल्यालाही चालणार नाही.

मोठ्या स्केलच्या गाडीत शेवटी एक टप्पा येतो. बॉडी चासीवर बसवायची असते. बॉडीच्या दोन्ही कडा किंचित फाकवून धरायच्या आणि त्याच वेळी चासी सरळ आत सरकवायची, म्हणजे दोन हात पुरत नाहीत. अशा वेळी मी धाकट्या भावाला हाक मारतो. त्याला या छंदात काडीचा रस नाही. तो येतो, सांगितलं तसं धरतो, दोन मिनिटांत पुन्हा त्याच्या मॅचकडे जातो. पण ती दोन मिनिटं नसती तर सगळं अडलं असतं.

या रविवारपासून आमच्या सत्संगातले चौघे जण आळीपाळीने शनिवारी रात्री ताईंकडे थांबणार आहोत. कूस कशी बदलायची, पाठीवर नेमकं काय बघायचं, हे आधी त्यांच्याकडून शिकून घेऊ. आठवड्यातली एक रात्र त्या सलग झोपतील. फार मोठं काही नाही हे.

आजचा संकल्प दोन ओळींचा. एक, आज असं एक काम नीट करा जे कुणालाही दिसणार नाही, आणि ते कुणाला सांगू नका. दोन, आपल्या घरात किंवा सोसायटीत असं काम रोज कोण करतंय ते शोधा, आणि कौतुक करण्याआधी विचारा, “कुठे धरू?”

राम कृष्ण हरी!