वाचलेल्यांचा शेजार

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत माणसं आजही काळ मोजतात तो भूकंपापासून. अमक्याचं लग्न भूकंपाच्या आधीचं, बांधावरचं झाड भूकंपानंतरचं. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमलेली गावं गाढ झोपेत होती. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगाव ही नावं महाराष्ट्राला माहीत झाली ती त्या दिवशी. मेलेल्यांचा हिशेब झाला, पडलेल्या घरांचा झाला. वाचलेल्यांनी पुढची वर्षं कशी काढली, हे मात्र आपण फारसं विचारलं नाही.

त्या भागातली घरं काळ्या दगडांची. मातीत रचलेल्या दोन-तीन फुटी भिंती, वर मातीच्या थरांचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच छत त्या पहाटे माणसांवर आलं. ऐपतदाराचा वाडा जितका भक्कम, तितका त्याचा ढिगारा मोठा. पाल्याच्या झोपडीत निजलेला शेतमजूर वाचला. शेतात राखणीला गेलेला वाचला, अंगणात बाज टाकून पडलेला वाचला. एरवी माणूस आपल्या जगण्याला काही कारण जोडतो. इथे कारण एवढंच, की उकडत होतं म्हणून तो बाहेर झोपला आणि लेकरं आत होती.

त्यातही एक जास्तीचा काटा आहे. या भागाला १९९२ पासूनच धक्के बसत होते. त्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या धक्क्यानंतर लोक काही काळ घराबाहेर झोपले. मग धक्के अंगवळणी पडले, थंडी-पाऊस आला आणि माणसं पुन्हा आत गेली. ‘मीच म्हणालो, चला आत निजू’ हे वाक्य मनात घेऊन जगणारा बाप कोणत्या पंचनाम्यात सापडणार? त्याला ‘तुमची काही चूक नाही’ असं सांगणं खरं आहे, तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याच ओट्यावर बसणाऱ्या, त्याच रात्री तोच निर्णय घेतलेल्या दुसऱ्या बापानं सांगितलं, तर कदाचित पोचतं.

अपराधीपणाचं हे ओझं वाढायला आणखी एक कारण घडलं. शोक करायला वेळच मिळाला नाही. पाऊस लागला, रोगराईची भीती होती. पडलेल्या घरांचीच लाकडं चितेला लागली आणि एकेका चितेवर अनेक देह ठेवावे लागले. तोंड पाहणं, पाणी पाजणं, दहावं-तेरावं, यांतलं बरंचसं राहून गेलं. त्या परिस्थितीत दुसरं काही करणं शक्य नव्हतं, हे मला मान्य आहे. पण आपले विधी मेलेल्यासाठी असतात असं आपण म्हणत असलो, तरी त्यांचा आधार जिवंतांना असतो. तेरा दिवस दार उघडं राहतं, कोणी पिठलं-भाकरी आणून देतं, कोणी नुसतं बसून राहतं. गावच्या गाव सुतकात असताना भाकरी आणायची कोणी?

काही ठिकाणी तर निरोप द्यायला देहच मिळत नाही. सह्याद्रीतल्या इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. कागदावर त्यांना मृत मानता येतं. मनाला ते तसं मानता येत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी बेपत्ता माणसांच्या कुटुंबांवर आयुष्यभर काम केलं. अशा घरांचा शोक अडकून राहतो आणि तो त्यांचा कमकुवतपणा नसतो, हे त्यांनी ठामपणे मांडलं. ठाकूर आदिवासींच्या त्या वाडीतल्या घरांना हे कोणीतरी त्यांच्या बोलीत सांगितलं पाहिजे.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असं आपल्याकडे सुशिक्षित माणूस सहज बोलून जातो. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला बसवून ‘काय झालं ते सगळं सांगा’ म्हणण्याची पद्धतही बरीच वर्षं चालली. तिचा उपयोग होत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं पुढे चाचण्यांत दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच सांगितलं आहे की बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या, पण बोलायची बळजबरी करू नका. ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला डॉक्टर हवाच आणि तालुक्याच्या गावी हवा. पण बहुतेक माणसं डॉक्टरशिवाय सावरतात. ती कशाच्या बळावर सावरतात, हा खरा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचा एक धागा दूरच्या एका आपत्तीत सापडतो. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, बफेलो क्रीकच्या खोऱ्यात, कोळसा कंपनीचा बांध फुटून १२५ माणसं वाहून गेली आणि हजारो बेघर झाली. सरकारनं तातडीनं फिरती घरं आणून तळ उभारले. जो जसा आला तसं त्याला घर दिलं, जुना शेजार कुठे राहील हे पाहिलं नाही. काई एरिकसन या समाजशास्त्रज्ञानं तिथल्या माणसांशी बोलून लिहिलेल्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की पुरानं एक इजा केली आणि समाज विस्कटल्यानं दुसरी. ही दुसरी इजा पहिलीला बरी होऊ देत नव्हती.

आपल्याकडे वीसेक वर्षांनी, किल्लारीच्या भूकंपानंतर, तेच झालं. पूर्ण उद्‌ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून देणगीदार आले, काम प्रचंड होतं आणि ते झालं. त्या काळच्या प्रशासनाला याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण घरं वाटली ती जमिनीच्या मापानं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. एका मापाची घरं एका बाजूला आली आणि अनेक गावांत जुन्या गल्ल्या मोडल्या. सरळ रुंद रस्ते आले, ओटे गेले. जिच्या हाकेला शेजारीण दारात यायची, ती म्हातारी आता वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. कित्येकांनी पक्क्या घरात धान्य ठेवलं आणि स्वतः वर्षानुवर्षं दारापुढच्या पत्र्याखाली झोपले. बाहेरच्यांना ते अडाणीपण वाटलं. डोक्यावर दगड झेललेल्या माणसाचं ते शहाणपण होतं.

याच भूकंपानं एक वेगळी गोष्टही दाखवली. जिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, अशा हजाराहून अधिक गावांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. अनुदानाचा हप्ता कधी येतो, भिंतीत आडवा पट्टा कुठे घ्यायचा, गवंडी सिमेंट किती वापरतो, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. ज्यांना आदल्या वर्षापर्यंत चावडीवर कोणी विचारत नव्हतं, त्या अभियंत्याला जाब विचारू लागल्या. २००१ मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथे गेल्या. समोरच्या बाईला सांत्वन देण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता?

माझं म्हणणं इथेच येऊन थांबतं. वाचलेल्याला सावरतं ते शेजार आणि काम. काम म्हणजे मन रमवायला दिलेला विरंगुळा नव्हे. आपल्या गावाचं पुढे काय व्हायचं यात आपला शब्द चालतो, हे कळणं म्हणजे काम. रांगेत उभं करून घोंगडी आणि डबा हातात देत राहिलं, की वर्षभरात धडधाकट शेतकऱ्याचाही ‘आपद्‌ग्रस्त’ होतो.

हे सगळ्यांना सारखं लाभलं नाही, हेही सांगायला हवं. बायको गेलेल्या पुरुषांची लग्नं लवकर झाली. नवरा गेलेल्या बायका बहुतेक तशाच राहिल्या आणि नुकसानभरपाईच्या पैशावरून सासर-माहेरच्या ओढाताणीत सापडल्या. मुलं गमावलेल्या आणि आधीच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या बायांनी ती उलटवून घेण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतल्या. त्यामागे आशा किती आणि घरच्यांचा रेटा किती, हे त्यांनाच ठाऊक. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं आणि त्यांची आयुष्यं उभी केली. हे मोठं काम आहे. तरी गावाची, आजीची आठवण त्या वयात कोणत्या कोपऱ्यात ठेवली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, मग इर्शाळवाडी. सह्याद्रीत दरडीखाली येऊ शकणाऱ्या वाड्या अजून पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही पुढच्या पावसाळ्यांत हलवाव्या लागतील. ज्यांच्या हाती हे काम असेल त्यांना एवढीच विनंती आहे. नकाशावर प्लॉट आखण्याआधी प्रत्येक घराला विचारा, तुमच्या शेजारी कोण हवं. त्यातल्या बायकांना वेगळं विचारा. आणि मिळालेली उत्तरं नकाशावर उतरेपर्यंत त्यावर सही करू नका.