पंचांसमोर

भोसरीच्या एका टूलरूममध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेले एक मामा होते. त्यांची भाची मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला कुलपांचा नाद लागला होता. जुन्या बाजारातून किल्ली हरवलेली कुलपं विकत आणायची आणि ती किल्लीशिवाय उघडायची. हा छंद जोपासणारी माणसं जगभर आहेत आणि दोन नियम ती कटाक्षाने पाळतात. कुलूप आपलं असेल किंवा मालकाने सांगितलं असेल तरच हात लावायचा, आणि रोजच्या वापरातल्या कुलपाच्या वाटेला जायचं नाही. भाचीला दोन्ही नियम पाठ होते.

हत्यारं मात्र तिला विकतची नको होती. मामांच्या पेटीत फीलर गेजचा एक जुना, झिजलेला संच पडून होता. त्यातलं ०.६ मिलिमीटरचं पातं तिने मागून घेतलं, ग्राइंडर लावला आणि बघता बघता आकड्याचा आकार काढला. दिसायला झकास. पण पहिल्याच कुलपात घालून वर दाब दिला, तर टोक तारेसारखं वाकलं.

मामांनी ते उजेडात धरलं. टोक निळ्याच्याही पुढे जाऊन राखाडी पडलं होतं.

"पाणी उतरलंय गं याचं. स्प्रिंगचं पोलाद आहे, एवढं तापवलं की मऊ पडतं. घाई केलीस."

"मग कसं करू?"

"उघड्या बोटांनी धर. हातमोजा नको. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडव. तुझं बोट सोसतंय तोवर पोलादही शाबूत आहे."

दुसरं पातं तिने तसं केलं. दगडाला नुसतं टेकवायचं, पाण्यात बुडवायचं, पुसायचं, बघायचं. दुपार त्यातच गेली. मग कडेची बर काढायला बारीक कानस, आणि ४००, ६००, १००० नंबरचे पॉलिश पेपर एकामागून एक. कडा गोल झाल्या नाहीत तर पातं आतल्या पिनांना अडकतं आणि हाताला खोट्या बातम्या देतं. पिनांच्या कुलपात प्रत्येक खोबणीत पिनेचे दोन तुकडे एकावर एक बसलेले असतात. सिलिंडरला हलकासा पीळ दिला की त्यातली एखादीच पिन आवळते. तिला अलगद उचललं की दोन तुकड्यांमधली फट सिलिंडरच्या कडेला येते आणि बोटाला बारीकशी टिक् जाणवते. मग पुढची. जोर लावला तर सगळ्याच पिना आवळतात आणि काहीच कळत नाही. हे सांगून येत नाही, हातालाच यावं लागतं.

संध्याकाळी चहा घेताना मामांनी तिला हॉब्जची गोष्ट सांगितली. लंडनच्या पिकॅडिलीत जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं असे. हे उघडेल असं हत्यार जो कारागीर बनवेल त्याला २०० गिनी, अशी पाटी त्यावर होती. साठेक वर्षं ती रक्कम कोणाला मिळाली नाही. मग १८५१च्या मोठ्या प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला लंडनला आला. आधी त्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप साक्षीदारांदेखत २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. त्यात अठरा सरकपट्ट्या. हॉब्जने हत्यारं स्वतः घडवली. आतल्या स्प्रिंगवरचा दाब कायम राहावा आणि दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून एक वेगळी जोडणीच केली. सोळा दिवसांत मिळून ५१ तास तो त्या कुलपाशी बसला, आणि कुलूप उघडलं. आज ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

"आणि हे चोरून नाही हं," मामा म्हणाले. "तीन पंच नेमले होते. तो जागेवर नसेल तेव्हा किल्लीचं भोक सीलबंद. मागाहून कोणी बोट दाखवू नये म्हणून."

भाचीला ५१ तास लक्षात राहिले. पंच तिने तेव्हा फारसे मनावर घेतले नाहीत. त्या वयात कोण घेतं?

पंधरवड्याने शेजारचे काका आले. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. माळ्यावर वडिलांची लोखंडी ट्रंक होती, तिला पितळी कुलूप आणि किल्लीचा पत्ता नाही.

"तुला येतं म्हणे हे. परवा दोघी बहिणी येतायत. त्याआधी जरा बघून ठेवतो. दोन हजार देतो तुला."

काकांना चोर म्हणणं अन्यायाचं होईल. आजारपणात वडिलांची सगळी उस्तवार त्यांनीच केली होती, बहिणी सणावारी यायच्या. आपण केलं तेव्हा आधी बघायचा हक्क आपला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. घरोघरी असं घडतं आणि त्यातूनच पुढे कोर्टाच्या पायऱ्या लागतात.

भाचीचे हात शिवशिवले. असलं कुलूप तिने अजून हाताळलं नव्हतं. तिने मामांकडे पाहिलं. ते पेपर वाचत राहिले. वाचत नव्हते, हे तिलाही कळत होतं.

"काका, आत्या आल्या की लगेच उघडून देते. पैसे नकोत."

"अगं, ट्रंक माझ्या घरात आहे!"

"ट्रंक तुमच्या घरात आहे, पण कुलूप आजोबांचं. आता ते तुम्हा तिघांचं झालं ना?"

काका तणतणत गेले. दोन दिवस जिन्यात भेटले तरी बोलले नाहीत. हे तिला लागलं, कारण लहानपणापासून ती त्यांच्या घरात वाढल्यासारखी होती. रविवारी थोरल्या आत्याच तिला बोलवायला आल्या.

ट्रंक खोलीच्या मध्यभागी आणून ठेवली होती. तिने बराच वेळ झटापट केली. सिलिंडर किंचित फिरायचा आणि तिथेच अडायचा. आत कंबर कातलेली पिन असली की असं होतं. उघडल्यासारखं वाटतं आणि उघडत नाही. पीळ सैल सोडत ती पिन नेमकी उचलायला हवी होती, आणि तेवढ्या चिंचोळ्या फटीत तिचं पातं जाड पडत होतं.

"घरी जाऊन हे थोडं घासून आणते," ती म्हणाली. उठली, पण तशीच थांबली. "आत्या, चिकटपट्टी आहे का?"

तिने किल्लीच्या भोकावर पट्टी लावली आणि पेन पुढे केलं. "तुम्ही तिघं यावर सही करा. अर्धी पट्टीवर, अर्धी कुलपावर."

"एवढं कशाला गं? घरचंच तर आहे," धाकट्या आत्या म्हणाल्या.

"मी परत येईपर्यंत ट्रंक काकांच्याच घरात राहणार. उद्या आत काही कमी निघालं असं कोणाच्या मनात आलं, तर काकांनी काय सांगायचं?"

काका काहीच बोलले नाहीत. सगळ्यांच्या आधी पेन त्यांनीच घेतलं.

ती गेली. दगड, पाणी, बोटं, पुन्हा दगड. पात्याचं टोक केसभर उतरवलं, पेपर मारला आणि परत आली. सह्या जशाच्या तशा होत्या. त्या तिघांना दाखवूनच तिने पट्टी काढली. या वेळी पीळ इतका हलका दिला की सिलिंडर अडला तिथून जरा मागे सरकू दिला, आणि ती कंबरवाली पिन वर गेली. कुलूप सुटलं.

आत त्या तिघांच्या आईच्या दोन नऊवारी, बँकेची जुनी पासबुकं, दोन पावत्या आणि एक चांदीचं तबक होतं. धाकट्या आत्यांनी यादी लिहिली, तिघांनी खाली सह्या केल्या. नऊवारी कोणी घ्यायची यावर थोडा वादही झाला, पण तो यादी समोर ठेवून झाला.

भाची निघाली तेव्हा काका दारापर्यंत आले. ते कुलूप त्यांनी तिच्या हातात ठेवलं.

"तुझ्या ओळखीच्या किल्लीवाल्याकडे ने हे," ते म्हणाले. "आणि त्याला सांग, किल्ल्या तीन कर."