उद्यावर टाकलेला न्याय

एखादी गोष्ट चुकीची आहे हे मनाला पटल्यानंतर ती थांबवायला आपण किती दिवस घ्यावेत? प्रश्न साधा वाटतो. पण आपणा सर्वांना तो पडतो आणि बहुतेक वेळा ‘बघू या, वेळ आली की करू’ असे म्हणून आपण तो बाजूला सारतो. या रविवारी हा प्रश्न एका थोर माणसाच्या चरित्रातून तपासून पाहू या. तो माणूस म्हणजे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे आपले पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील भल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले होते. त्यामुळे ही हकीगत मराठी माणसाला अगदीच परकी नाही. अमेरिकेतील गुलामगिरी चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये कायद्याने संपली. पण सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा त्या देशाने काढला होता तो १७७६ मध्ये. मधली एकोणनव्वद वर्षे कुठे गेली? वॉशिंग्टन यांच्या घरातच याचे थोडेफार उत्तर सापडते.

वॉशिंग्टन अकरा वर्षांचे असताना वडील वारले आणि वारसाहक्काने दहा गुलाम त्यांच्या नावावर झाले. पुढे माउंट व्हर्नन येथील त्यांच्या शेतीवाडीचा सगळा भार गुलामांच्याच खांद्यावर होता. १७७५ मध्ये ते इंग्रजांविरुद्धच्या युद्धात सरसेनापती झाले. त्याच वर्षी व्हर्जिनियाचे इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यांनी घोषणा केली की, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त होतील. हेतू उघडच लष्करी होता. डन्मोर स्वतःही गुलाम बाळगून होते. तरी हजारो गुलामांनी जीव धोक्यात घालून इंग्रजांची छावणी गाठली. सुमारे पाच हजार कृष्णवर्णीय अमेरिकेच्या बाजूनेही लढले. वॉशिंग्टन यांच्या वाडीतून हॅरी नावाचा गुलाम १७७६ मध्ये पळाला. १७८१ मध्ये इंग्रजांचे जहाज नदीतून वर आले, तेव्हा आणखी सतरा जण निघून गेले.

युद्ध संपले. मे १७८३ मध्ये वॉशिंग्टन इंग्रज सेनापती गाय कार्लटन यांना भेटले. पळून गेलेले गुलाम ही मालमत्ता आहे, तहाप्रमाणे ती परत मिळावी, अशी मागणी त्यांनी केली. कार्लटन यांनी नकार दिला. ज्यांना आम्ही मुक्ततेचा शब्द दिला आहे त्यांना परत देणे आम्हांला शोभणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. न्यूयॉर्क बंदरातून निघालेल्या अशा सुमारे तीन हजार माणसांची नावे एका वहीत नोंदवली गेली. त्यांत हॅरी वॉशिंग्टन हे नावही आहे. मालकाचे आडनाव घेऊन तो कॅनडातील नोव्हा स्कोशियाला आणि तेथून १७९२ मध्ये आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेला. स्वातंत्र्यासाठी आठ वर्षे लढलेला सेनापती दुसऱ्यांचे स्वातंत्र्य परत मागत होता, हे दृश्य मनाला चटका लावते.

मग वॉशिंग्टन ढोंगी होते असे म्हणून आपण मोकळे व्हावे का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. युद्ध जिंकल्यावर त्यांनी सैन्याचे अधिकार लोकप्रतिनिधींच्या हाती परत केले, दोन कार्यकाळांनंतर राष्ट्राध्यक्षपदही सोडले. सत्ता सोडणारा असा नेता विरळाच. गुलामगिरीबद्दलही त्यांचे मन बदलत गेले. १७८६ मधील पत्रांत त्यांनी लिहिले की, यापुढे गुलाम विकत घेण्याची आपली इच्छा नाही आणि कायद्याने ही प्रथा हळूहळू संपावी. त्यांचे मित्र लाफायेत यांनी, दोघांनी मिळून जमीन घेऊन गुलामांना मुक्त कुळे म्हणून वसवू या, असे सुचवले, तेव्हा त्यांनी त्या विचाराची स्तुती केली. पण स्वतः त्यात उतरले नाहीत.

येथेच आपला प्रश्न उभा राहतो. त्यांना कळले होते; मग अडले कुठे?

‘काळच तसा होता’ असे आपण सहज म्हणतो. परंतु व्हर्जिनियात मालकाला आपले गुलाम मुक्त करण्याची मोकळीक देणारा कायदा १७८२ मध्येच झाला होता. त्याच प्रांतातील रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराने १७९१ मध्ये दस्तऐवज करून साडेचारशेहून अधिक गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचे काम हाती घेतले. शेजाऱ्यांचा रोष पत्करून त्याने ते केले. म्हणजे काळ तोच, कायदा तोच, नुकसानही तसेच.

राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन फिलाडेल्फिया येथे राहत. बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तेथे राहिला तर तो मुक्त होई, असा तेथील कायदा होता. म्हणून मुदत भरण्याआधी आपल्या गुलामांना प्रांताबाहेर पाठवायचे आणि पुन्हा आणायचे, तेही खरे कारण कुणाला कळू नये अशा बेताने, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. १७९३ मध्ये पळालेल्या गुलामांना परत आणण्याच्या कायद्यावर त्यांनीच सही केली. १७९६ च्या मे महिन्यात त्यांच्या पत्नी मार्था यांची दासी ओना जज घरातून निसटली आणि न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तुमच्या पश्चात मला मुक्त करण्याचे वचन द्या, मी परत येते, असा निरोप तिने पाठवला. वॉशिंग्टन यांनी तो फेटाळला. पळून जाणाऱ्याला असे बक्षीस दिले तर निष्ठेने राहिलेल्यांवर अन्याय होईल, असे त्यांचे म्हणणे. ओना परतली नाही. पुढे ती वाचायला शिकली, ख्रिस्ती श्रद्धेत रमली, फार गरिबीत जगली आणि १८४८ मध्ये वारली. म्हातारपणी एका वृत्तपत्राने विचारले, तेव्हा आपल्याला पश्चात्ताप नसल्याचे तिने सांगितले.

जुलै १७९९ मध्ये वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्र केले आणि त्याच डिसेंबरात ते निवर्तले. त्यांच्या मालकीच्या १२३ गुलामांना मार्था यांच्या मृत्यूनंतर मुक्त करावे, वृद्धांना पोसावे, पोरक्या मुलांना लिहा-वाचायला शिकवावे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांचा जुना सेवक विल्यम ली हा मात्र लगेच मुक्त झाला. मार्था यांनी १ जानेवारी १८०१ रोजी बाकीच्यांना मुक्त केले. पण माउंट व्हर्ननमधील दीडशेवर गुलाम मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे होते. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर ते नातवंडांत वाटले गेले. नवरा मुक्त आणि बायको-मुले गुलाम, अशी कुटुंबे तुटली.

मृत्युपत्रातील ते दान खरे होते, हे आपण मान्य करू या. तरी त्याची किंमत कुणी मोजली? देणाऱ्याला त्याची झळ लागली नाही. ज्यांची तरुण वर्षे वाट पाहण्यात गेली, त्यांनी ती मोजली.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही विसरून चालणार नाही. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलामांची विक्री ठरवली. त्यांत पुष्कळ जण बाप्तिस्मा झालेले कॅथोलिक होते. त्यातील काही पैसा जॉर्जटाऊन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. कुटुंबे तोडू नयेत, ही रोमहून घातलेली अट पाळली गेली नाही. दुसऱ्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. जॉर्जटाऊन आणि येशूसंघाने त्या माणसांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली ती २०१७ मध्ये.

शुभवर्तमानातला जक्कय आपणांस ठाऊक आहे. प्रभू येशू घरी आला, त्याच दिवशी त्याने अर्धी मालमत्ता गरिबांसाठी काढली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायला तो तयार झाला. त्याने मृत्युपत्र केले नाही. प्रभूने तारण ‘आज’ झाल्याचे सांगितले, यात मोठा अर्थ आहे.

आपल्यापैकी कुणीही राष्ट्राचा नेता नसेल. पण घरात, कामाच्या ठिकाणी, संस्थेत कुणाचा ना कुणाचा हक्क आपल्या हाती अडकलेला असतो: कुणाचा मोबदला, कुणाचा जमिनीतला वाटा, कुणाला द्यायचा मान. ‘देणारच आहोत, जरा सवड होऊ दे’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण चांगलेच असतो, वॉशिंग्टन होते तसे. तेवढ्या काळात पलीकडच्या माणसाचे आयुष्य मात्र सरत असते.